बिनशिक्क्याची फुलदाणी

नवऱ्याला साठ पूर्ण होणार म्हणून आमच्या कुंभकोणमच्या घरात गडबड सुरू झाली, तेव्हा मी ठरवलं की या माणसाला एकदा तरी चकित करायचं. आमच्याकडे, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरांत, साठीला पुन्हा लग्न लावतात, त्याच बायकोशी. दारासुरमहून रेशमी पातळ आलं, नाचियार्कोविलला समयांची जोडी सांगून झाली. माझ्या मनात मात्र आणखी एक जोडी होती. हॉलमधल्या काचेच्या फुलदाणीला मला तिच्या मेळाची दुसरी हवी होती.

ही फुलदाणी त्यांनी पुदुच्चेरीहून आणलेली. नोकरीत काही वर्षं त्यांची तिकडे बदली झाली होती. मी इथे शाळेत शिकवत होते आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना हा एकुलता एक मुलगा, दुसरं करायला कुणी नाही, म्हणून मी मागे राहिले. हे शनिवारी यायचे. एका शनिवारी पिशवीतून फुलदाणी निघाली. तळाशी गर्द जांभळी, वर चढताना फिकट होत गेलेली, आणि पोटात एकच लांबट बुडबुडा. "शंभरांतून एक वेचून आणली गे, तुला म्हणून," असं म्हणाले. एवढं गोड बोलणारा माणूस नव्हे तो. मी विरघळले. तेव्हापासून दर नवरात्रात इकडच्या रीतीप्रमाणे मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर ती मधोमध बसायची आणि बघायला आलेल्या प्रत्येक बाईला मी ते 'शंभरांतून एक' ऐकवायची. बायका विटल्या असतील.

दुसरी करून घ्यायची तर करणारा सापडायला हवा, आणि हिच्यावर नाव ना गाव. एकदा आडून विचारून पाहिलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कसाला होणें तुला तें? बजारातली वस्तु." कशाला हवं ते तुला, की विषय संपला.

म्हणून मी जुनी काच जमवणाऱ्यांच्या फेसबुकवरच्या एका गटात फोटो टाकले. तिथे शहाण्यांना तोटा नाही. एकानं तिला थेट इटलीत पोचवलं, दुसऱ्यानं फिरोझाबादला आणून सोडलं. एक बाई तेवढ्या कामाच्या निघाल्या. चेन्नईच्या. त्यांनी आडवा उजेड पाडून बघायला सांगितलं, काचेवर सांधा दिसतो का. दिसला नाही. म्हणजे साच्यातली नव्हे, तोंडानं फुंकून केलेली. मग म्हणाल्या, उलटी करा. अशी काच सळईवर धरून घडवतात, सळई तोडली की बुडाला व्रण राहतो, तो कसा झाकलाय ते सांगा.

इतकी वर्षं मी ती पुसत आले, पण खालून कधी पाहिली नव्हती. जुन्या लुगड्यावर पालथी घातली. व्रणावर काचेची एक टिकली बसवली होती, बोटाला गुळगुळीत लागणारी. फोटो पाहून त्या बाई म्हणाल्या, "अशी टिकली पुदुच्चेरीजवळची एक कारागीर लावते. पण तिच्या टिकलीवर शिक्का असतो, तुमच्या टिकलीवर का नाही कोण जाणे. तिलाच विचारा." आणि नंबर दिला.

मला कोण आनंद झाला. हे निमंत्रणपत्रिका वाटायला पापनाशमला गेले होते. मी फोन लावला, फोटो पाठवला आणि तमिळमध्ये सांगितलं की अशीच दुसरी करून हवी, जोड म्हणून. पलीकडे माझ्याच वयाच्या बाईचा आवाज होता.

"ही विकलेली नाही," ती म्हणाली. "विकते तिच्यावर मी शिक्का मारते. मनापासून कुणाला दिली तर टिकली कोरी ठेवते." मग हळूच विचारलं, "ते बरे आहेत ना?"

मी म्हटलं, बरे आहेत.

"तुम्ही त्यांची बहीण ना? फार सांगायचे तुमच्याबद्दल. बहीण शाळेत शिकवते, आईचं सगळं तीच करते, नवरात्रात बाहुल्या मांडते. ती जबाबदारी संपली की लग्न करू, म्हणायचे. मग बदली झाली आणि फोन लागेनासा झाला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं माझं. सगळ्या जगाला विचारत होते, आणि उत्तर रोज माझ्या हातची कॉफी पीत होतं.

"हो," मी म्हणाले. "बहीणच." तिला दुसरं काय सांगणार? तीही फसलेली. तिच्यावर रागसुद्धा काढता येत नव्हता.

यांनी मला लपवलं असतं, तर एक वेळ समजलं असतं. पण यांनी मला लपवलं नाही. माझी शाळा सांगितली, सासूबाईंचं मी काढलेलं सगळं सांगितलं, माझ्या बाहुल्यासुद्धा सांगितल्या, कौतुकानं सांगितल्या. त्यातून बायको तेवढी काढून घेतली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी तोंड मिटून पुरण वाटलं, पाहुण्यांच्या गाद्या घातल्या.

मंगळसूत्राची पहिली गाठ नवऱ्यानं मारायची आणि पुढच्या दोन त्याच्या बहिणीनं, ही रीत आमच्या घरानं इथल्या तमिळ घरांतून कधीच उचलली आहे. आमच्या पहिल्या लग्नात यांची एक चुलतबहीण उभी राहिली होती. आता ती नाही. यांनी पहिली गाठ मारली आणि गुरुजींनी मान वर करून विचारलं, "नवऱ्याची बहीण कोण? पुढे या."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी दोन्ही हात मानेमागे नेले.

"मीच," मी म्हणाले. "पुदुच्चेरीला ठाऊक आहे." आणि उरलेल्या दोन्ही गाठी माझ्या मीच मारल्या.

मंडपात हशा पिकला. म्हातारी झाली तरी थट्टा जात नाही, असं कुणीतरी म्हणालं. यांचे हात अजून माझ्या मानेपाशीच होते. हसले नाहीत ते एकटे हेच.