वरच्या काकांचा ऐषआराम

ऐषआराम हा माणसाने मेहनत करून शिकायचा विषय आहे, असं मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला आणि तो सिंगापूरच्या बिशान भागात आमच्या डोक्यावरच्याच फ्लॅटमध्ये राहत होता. आम्ही त्यांना वरचे काका म्हणत असू. उभी हयात बँकेत गेलेली, त्यामुळे पूर्वतयारीशिवाय कुठलंच काम करायचं नाही हा खाक्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यांनी काकूंना पंचतारांकित थाटात बार्सिलोनाला न्यायचं ठरवलं आणि त्याची तालीम चक्क खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, सुरू केली. मांडीवर रुमाल पसरून ते आधी नुसतं सांबार प्यायचे, मग जरा थांबून डोसा मागवायचे. एकेक कोर्स खायची सवय हवी, असं मला गंभीरपणे समजावायचे. लिननचा पांढरा कोट घालून लिफ्टमध्ये उभे राहायचे. इथल्या दमट हवेत त्या कोटाचं पोतेरं व्हायचं, पण काकांचा उत्साह तसूभर कमी होत नसे.

या सगळ्या थाटामागे त्यांचा एकच हट्ट होता. काकूंनी एक अख्खं जेवण, मध्ये न उठता, गरम गरम जेवावं. लग्न झाल्यापासून ही बाई अशी बसलीच नव्हती. घरी शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत ओट्याशी, आणि हॉकर सेंटरमध्ये नेलं तर शेजारच्या टेबलावरचे ट्रे आवरायला उठायच्या. काका कपाळाला हात लावायचे. तिकडे वाढणारेच इतके असतील की हिला उठायला वाव राहणार नाही, म्हणायचे.

पुढचं परत आल्यावर काकांनीच सांगितलं. हॉटेलात समुद्राकडे तोंड असलेली खोली होती. सफाईचा माणूस यायच्या आत काकूंनी पलंग आवरून ठेवला. खासगी बोटीवर सरबत आलं, तर त्या ग्लास विसळायला निघाल्या. खुद्द काकांनी न्याहारीला खिडकीजवळचं टेबल धरायला सिंगापूरच्या रिवाजाने टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि वेटरने कचरा समजून ते अदबीने उचलून नेलं. शेवटच्या दिवशी एक नामांकित रेस्टॉरंट होतं. काका बिशानमधल्या जेवायच्या सवयीने संध्याकाळी सातलाच दारात हजर. बाहेर लख्ख ऊन, आणि तिथली माणसं जेवतात रात्री नऊ-दहाला. आत नोकरमंडळीच जेवत बसली होती. काकूंचा भुकेला चेहरा बघून म्हाताऱ्या स्वयंपाकिणीने दोघांना आत नेलं आणि आपल्यातच बसवलं. टोमॅटो चोळलेला पाव आणि बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. सवयीने काकू ताटं उचलायला उठल्या. त्या बाईने खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि पुन्हा वाढलं. काकू बसल्या. शेवटपर्यंत बसल्या.

"मी इतकी वर्षं नुसतं बस, बस म्हणत होतो गं," काका म्हणाले. "आपण उठून वाढावं, हे मला सुचलंच नाही."

त्यानंतर दर रविवारी काका वाढू लागले. भात कच्चा, आमटी खारट, पण थाट पंचतारांकित. काकू तक्रार न करता बसून जेवायच्या.

पुढे ती दोघं पुण्याला परत गेली. जाण्याआधी आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा मी नेहमीसारखी पोळी आणायला उठले. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काका ओट्याकडे गेले. त्यांनी आणलेली पोळी एका बाजूने करपलेली होती. मी ती गरम गरम खाल्ली आणि मला रडू आलं.

वरच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं. भली माणसं आहेत. पण जेवताना मध्येच उठायला लागले की अजून माझा खांदा क्षणभर वाट बघतो.