पिस्तुलाला काजळ

मालवणच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणाऱ्या जयराम मास्तरांनी कंपास न घेता फळ्यावर वर्तुळ काढलं तर ते वर्तुळच असायचं. हात इतका स्थिर, की वाढप्यांपैकी कुणी आलं नाही तर पंगतीत तुपाची वाटी त्यांच्याकडे द्यायचे. एक थेंब इकडेतिकडे नाही. पण या हाताचा नेमबाजीशी काही संबंध असेल असं त्यांना स्वतःलाही चाळिशीपर्यंत वाटलं नव्हतं.

चीनच्या लढाईनंतर गावोगाव रायफल क्लब निघाले. मालवणचाही निघाला. कसालच्या वाटेवर एक जुनी चिरेखाण होती, चिरे काढून संपलेली, तीन बाजूंनी तांबड्या दगडाच्या उभ्या भिंती. गोळी कुठे जाईल ही भीतीच नको. फौजेतून परतलेले गणपत सुभेदार क्लबाचे सर्वेसर्वा. त्यांनी मास्तरांना लक्ष्याची चित्रं काढायला म्हणून बोलावलं. मास्तरांनी पन्नास कागदांवर वर्तुळं काढून दिली, आणि एक्कावन्नाव्या कागदासमोर सुभेदारांनी त्यांच्या हातात पिस्तूल दिलं. पाच गोळ्यांपैकी चार काळ्या गोलात.

"मास्तर, इतकी वर्सां खडू कित्याक धरलात?" सुभेदार म्हणाले.

त्या दिवसापासून मास्तरांना जेवण गोड लागेना. सहा महिने अर्ज, शिक्के, चौकशा, आणि त्रेसष्ट साली मुंबईच्या एका दुकानातून, मायदेशी परतलेल्या कुणा साहेबाचं जुनं पॉइंट बावीसचं पिस्तूल त्यांच्या घरी आलं. परवान्यावर कारण लिहिलेलं: नेमबाजी. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या भरायच्या. एक उडाली की नळीवरची स्लाइड आपणहून मागे जायची, रिकामं काडतूस बाहेर फेकायची, पुढची गोळी वर घेऊन पुन्हा जागेवर. आपण फक्त दर वेळी चाप ओढायचा. "तापल्या कढईतून लाही उडावी तसं टप्प करून उडतं गो," मास्तर बायकोला सांगत होते. कावेरी नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही.

"शेजारच्या सुशीलावयनी इचारी होत्यो," ती म्हणाली, "मास्तरांनी दुसरी केली ती दिसाक कशी आसा म्हणान."

"काय सांगितलंस?"

"काळी आसा, बारीक आसा, आणि माज्यापेक्षा जास्त पुसून ठेवतत."

पुसावं लागायचंच. मालवणची खारी हवा लोखंडाला चार दिवसांत तांबेरा आणते. पिस्तुलाबरोबर आलेली विलायती तेलाची डबी वर्षभरात संपली, तेव्हा मास्तरांनी घाण्याचं खोबरेल वापरून पाहिलं. काय ती तुकतुकी! स्लाइड लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरू लागली. दर रविवारी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, चिरेखाणीत मास्तर ते तेल लावून तीस गोळ्या झाडत आणि वाटेवर भेटेल त्याला खोबरेलाचं कौतुक सांगत.

एवढ्यावर थांबते तर ते मास्तर कसले. पिस्तुलाची मूठ साहेबाच्या पंजाची, मास्तरांच्या हातात ती फिरायची. चतुर्थीच्या सकाळी कावेरीने मोदकांची उकड मळून ठेवली आणि मास्तरांनी मागून येऊन तिच्यातला गोळा मुठीत आवळला. बोटं, तळवा, अंगठ्याचा खड्डा, सगळं हुबेहूब उमटलं.

"अवो, सोवळ्यातली उकड ती," कावेरी म्हणाली. "गणपतीक तुमच्या बोटांचो मोदक दाखवू?"

तो गोळा वाळवून मास्तर बंदरावर होड्या बांधणाऱ्या बाबली सुताराकडे गेले. बाबलीने गोळा उलटासुलटा करून पाहिला. "जल्मभर वल्ह्यांचे मुठी केलंय, मास्तरांनू. ह्या वल्ह्याक पाणी खंय आसा?" पण मूठ केली ती अशी, की पिवळ्याधमक फणसाच्या लाकडात मास्तरांचा हात वितळून जावा. नेम दोन बोटं सुधारला.

मग नळीचं तोंड गोळीसरशी वर उडतं म्हणून मासेमारीच्या पागाच्या जाळ्याला लावतात तसली शिशाची वजनं वितळवून, त्यांची पट्टी नळीखाली बसवली. "पिस्तूल पाण्यात टाकलात तर मासे गावतले," सुभेदारांनी शेरा मारला, आणि दुसऱ्या रविवारी स्वतःच्या पिस्तुलासाठी गुपचूप तशीच पट्टी मागितली. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम जुळवायचा छोटा उंचवटा, उन्हात चकाकते, डोळ्यात खुपते, म्हणून मास्तर झाडण्याआधी तिला कावेरीच्या डबीतलं काजळ लावू लागले.

"माजां काजळ खंय संपता तां आज कळलां," कावेरी म्हणाली. पण पुढच्या वेळी एरंडेलाच्या दिव्यावर तिने काजळ धरलं ते दोन डब्या भरून.

पासष्ट साली परवान्याच्या नूतनीकरणाला गेले तेव्हा कचेरीतले नवे साहेब कागद बघून म्हणाले, "नेमबाजीसाठी म्हणता. कुठल्या स्पर्धेत उतरलात? मार्चपर्यंत प्रमाणपत्र आणा. नाहीतर हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागेल."

घरी येताना मास्तरांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. फणसाची ती मूठ कुणा शिपायाच्या कपाटात, तेलाविना, पावसाळाभर. त्या रात्री त्यांनी आमटीत मीठ नसल्याचंही सांगितलं नाही.

जानेवारीत कोल्हापूरला स्पर्धा होती. तीस गोळ्या, तीनशे गुण. दोनशे चाळीस झाले की प्रमाणपत्र. चिरेखाणीत मास्तरांचे दोनशे पन्नास सहज व्हायचे. एस.टी.ने घाट चढून मास्तर, सुभेदार आणि कावेरी असे तिघे गेले. कावेरी म्हणाली अंबाबाईचं दर्शन घ्यायचंय. पण पिशवीत तिने जुन्या मलमलीचे तुकडे आणि काजळाची डबी आठवणीने घेतली होती.

मास्तरांची तुकडी सकाळी साडेसातची. पौषातली थंडी अशी, की माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. कावेरी शाल लपेटून दोरीपलीकडे बसली. हुकूम झाला. मास्तरांनी पहिली गोळी झाडली. नऊ. दुसऱ्यांदा चाप ओढला आणि काहीच झालं नाही. स्लाइड मागे जाऊन परत येताना अर्ध्यावर अडकली होती, एखाद्या म्हाताऱ्याने उंबऱ्यात बसकण मारावी तशी. मास्तरांनी हात वर केला. गोळ्या काढल्या, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

रेंज ऑफिसर भला माणूस. "मास्तर, तुम्हाला पुढच्या तुकडीत घेतो. पंचवीस मिनिटं आहेत. पिस्तूल रिकामं करून दाखवा, माझ्या टेबलावरच काय ते करा. तोवर चाललं तर चाललं."

टेबलावर मास्तरांनी स्लाइड सुटी केली. स्प्रिंग काढून उजेडात धरली.

"स्प्रिंग गेली," सुभेदार म्हणाले. "नायतर तुमचां तां शिसां. मी तेव्हाच सांगलंय."

"तेव्हा पट्टी मागून घेतलात," मास्तर म्हणाले.

कावेरीला ऑफिसरने दोरीच्या आत येऊ दिलं. तिने स्लाइडच्या आतून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं. बोटावर पांढरा कण होता, मेणासारखा.

"अवो, तेल थिजलां ह्यां," ती म्हणाली. "सकाळी धर्मशाळेत माज्या बाटलीतलां मी आकड्यान कोरून काढलंय. तुमी बघी होतात."

मास्तरांनी तो कण आपल्या बोटांत चोळला. पौषात पहाटे खोबरेल थिजतं, मालवणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरोघरी तेलाची बाटली चुलीच्या वैलावर, उबेला, ठेवतात. पण बाटलीतलं तेल आणि पिस्तुलातलं तेल एकच, हे मास्तरांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्यांचं पिस्तूल कधी भर दुपारच्या आधी उठलंच नव्हतं.

कुंपणाला लागून चहाची टपरी होती. कावेरी तिथून उकळत्या पाण्याची किटली आणि एक परात घेऊन आली.

"पाणी?" मास्तरांनी स्लाइड छातीशी धरली. तीन वर्षं त्यांनी या लोखंडाला दवाचा थेंब लागू दिला नव्हता. "गंजतलां, कावेरी."

"गंज चडाक चार दीस लागतत. तुमच्याकडे पंद्रा मिन्टां आसत. द्या हंय."

मास्तरांनी दिली. कावेरीने परातीत स्लाइड ठेवून वरून पाणी ओतलं. क्षणात पाण्यावर तेलाचे गोल तवंग आले आणि खोबऱ्याचा वास दरवळला; आजूबाजूचे तीन नेमबाज वळून पाहू लागले. मग नळी, मग स्प्रिंग. लोखंड इतकं तापलं की मलमल फिरवता फिरवता सुकलं. मास्तरांनी भाग जोडले, स्लाइड मागे ओढून सोडली. खट्. पुन्हा ओढली. खट्. असा गोड आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

"पाच मिनिटं," ऑफिसर म्हणाले. त्यांचा स्वतःचा चहा टेबलावर तसाच गार झाला होता.

मास्तर निघाले आणि थबकले. माशी चकाकत होती. पाण्याने काजळ धुऊन गेलं होतं. ते बोलायच्या आत कावेरीने पिशवीतली डबी उघडली, अनामिकेने काजळ उचललं, आणि बाळाच्या डोळ्यात घालावं तितक्या हलक्या हाताने माशीला लावलं.

"आता जावा."

उरलेल्या एकोणतीस गोळ्या मास्तरांनी कशा झाडल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. फणसाची मूठ आणि आपला हात यांतला फरक संपला होता एवढंच ते सांगतात. लाह्या उडत होत्या, टप्प, टप्प. सुभेदार दुर्बिणीतून बघून गुण पुटपुटत होते आणि मध्येच दुर्बीण खाली ठेवून बोटांवर मोजू लागले. त्यांचं ते मोजणं कावेरीला काही चांगलं वाटेना. शेवटचा कागद उतरवून आणला तेव्हा तिने आधी सुभेदारांकडे पाहिलं.

"दोनशे एकसष्ट," सुभेदार म्हणाले. "चिरेखाणीत एवढे कधी झाले नाय."

परवाना फेब्रुवारीत नवा झाला. मास्तरांच्या घरी वैलावर आता खोबरेलाची एकच बाटली असते, कावेरीची. पिस्तुलाला शिलाई मशीनचं तेल.

त्यानंतरच्या रविवारी कावेरी पहिल्यांदा चिरेखाणीत आली. सुभेदारांनी तिचं नाव क्लबाच्या वहीत लिहिलं, शेजारी उभं राहून पिस्तूल कसं धरायचं ते दाखवलं. पाच गोळ्यांत तीन काळ्या गोलात. मास्तरांचा चेहरा असा झाला होता, की जणू त्या त्यांनीच झाडल्या.

कावेरीने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं आणि तळहात उघडून पाहिला. अंगठ्याखाली लाल वळ उठला होता.

"माज्या हाताक बसणा नाय ह्यां," ती म्हणाली.

मास्तरांनी वळाकडे पाहिलं, मग फणसाच्या मुठीकडे.

"घराक गेल्यावर उकड काढ," ते म्हणाले. "थोडी जास्तच काढ."