पृथ्वीसाठी आलेला निधी

सुमनबाईंनी साहेबांसाठी मांडलेली खुर्ची पदरानं पुसली आणि पदर काळा झाला. आमच्या गावात हे रोजचंच आहे. वीजकेंद्र गावाला लागून आहे आणि त्याची राख घराघरात येते. साहेबांनी मात्र तो पदर पाहिला आणि उगाचच रुमालानं स्वतःचे हात पुसले.

शाळेच्या व्हरांड्यात जमलेल्या आम्हा गावकऱ्यांना वीजकेंद्राचे हे साहेब आनंदाची बातमी सांगायला आले होते. केंद्राच्या चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पकडून जमिनीत खोल गाडायचा होता आणि त्यासाठी सरकारनं मोठा निधी दिला होता.

"मंग राख बंद होईल ना, साहेब?" सुमनबाईंनी विचारलं. त्यांचे यजमान वर्षभर खोकत अंथरुणावर पडून होते.

"नाही बाई, राखेचं काम वेगळ्या खात्याकडे. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, पण त्यानं साऱ्या पृथ्वीचं तापमान वाढतं."

"बरं," त्या म्हणाल्या.

साहेब खोटं बोलत नव्हते. पृथ्वीची काळजी करणाऱ्याला मी काय बोलणार? पण तेव्हापासून मनात येत राहतं, एवढ्या मोठ्या पृथ्वीत आमचं गाव नेमकं कुठं येतं?

उन्हाळ्यात खोदकाम सुरू झालं, त्याच आठवड्यात सुमनबाईंचे यजमान गेले. तिरडी घेऊन आम्ही स्मशानाकडे निघालो, तर फाट्यावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

"जरा थांबा. खोदकामाची मशीन जाऊ द्या."

मशीन अवाढव्य होती आणि फार हळू चालली होती. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या खांदे बदलले.