पार्टवाले भाई आणि लख्ख जेट

मोटरसायकलच्या कार्बोरेटरमधला जेट मी चिंच आणि राख लावून घासला होता, हे आधीच कबूल करून टाकते; नाहीतर दुसरं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. जेट म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा पितळेचा तुकडा, मधून आरपार बारीक भोक. इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं ते तो ठरवतो. गॅरेजवाल्यानं तो काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, पार्टवाल्या भाईंना दाखवा आणि अगदी असाच नवा आणा. घरी येऊन बघते तर काळाकुट्ट. आमच्या सासूबाईंची शिकवण अशी, की परक्याच्या दारी काळं भांडं न्यायचं नाही, लोक भांड्यावरून बाईची किंमत करतात. मग काय, मी तो देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखा लख्ख केला, शिवणाची सुई घालून भोकही आतून खरवडलं आणि धुतलेल्या रुमालात बांधून नेला. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय अजून व्हायचं होतं.

आणि नेला कुणाकडे, तर दुकानात छतापर्यंत माल असून तो न विकण्यासाठीच जन्माला आलेला असा दुकानदार उभ्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा झाला नाही, त्यांच्याकडे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, दुकानाच्या मागे एक खोली, त्या खोलीत ते एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नवापूरला दिलेली. गिऱ्हाईक आलं की हे आधी जुना पार्ट मागायचे. जुना पार्ट हातात आल्याशिवाय नवा दाखवायचाही नाही, हा त्यांचा कायदा. पोरं मोबाइलवर फोटो काढून आणायची, तर हे मान फिरवून विचारायचे, "फोटोनं वजन कितलं शे?" पार्ट हातात आला की तो तळहातावर तोलायचे, नाकाशी नेऊन हुंगायचे. बेअरिंग असेल तर कानाशी धरून बोटानं फिरवायचे, आणि चेहरा असा की पलीकडून कुणीतरी घरची खुशाली सांगतंय. एवढं सगळं झाल्यावर दहातल्या सात जणांना ते तो पार्ट परत करायचे. एकदा रनाळ्याचा एक शेतकरी कामधाम सोडून चेन घेऊन आला. भाईंनी तिची कडी न् कडी वाकवून बघितली आणि म्हणाले, "आजून जीव शे येम्हा. घर लई जाय." तो बिचारा हातापाया पडला, म्हणाला, मला नवीन हवीय, मी हौसेनं मागतोय. भाईंनी चेन रॉकेलमध्ये धुतली, तेल पाजलं, कागदात गुंडाळून त्याच्या पिशवीत घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

झिजलेल्या पार्टावरून माणूस ओळखायची त्यांना खोड होती. ब्रेक बघून सांगायचे, हा उशिरा निघतो आणि घाईनं पोचतो. एका गृहस्थांनी मुलाच्या गाडीच्या क्लचप्लेटा आणल्या आणि कौतुकानं सांगितलं, की पोरगा कॉलेज ते घर, घर ते कॉलेज, तेही एकटा. भाईंनी प्लेटा हुंगल्या आणि शांतपणे म्हणाले, ही गाडी रोज घाट चढते, आणि मागे वजन असतं. त्या घरात पुढे आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे.

तर अशा माणसापुढे मी रुमाल सोडला. त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, जेट उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. जेटवर मुंगीच्या पायाएवढा नंबर कोरलेला असतो, हे मला कुणी सांगितलं होतं? आधीच पुसट झालेला तो नंबर माझ्या राखेनं पार गेला होता, आणि सुईनं भोक मोठं झालं होतं ते वेगळंच. भाईंनी भिंग खाली ठेवलं आणि खूप दुःखानं म्हणाले, "भाभी, तुम्ही तं नावगावच पुशी टाकं."

गाडी आमच्या यांची. हे रनाळ्याच्या शाळेत मास्तर होते, तीस वर्षं तिच्यावरून गेले-आले. हे गेल्यावर ती अंगणात उभी राहिली. मला सायकलसुद्धा येत नाही, पण संध्याकाळी गॅरेजवाला घरी जाताना आमच्या अंगणात थांबून तिला एक किक मारायचा आणि पाच मिनिटं चालू ठेवायचा. तेवढी पाच मिनिटं घरात माझ्याशिवाय आणखी कुणाचा तरी आवाज असायचा. मग तीही बंद पडली. सुरतेचा मुलगा फोनवर म्हणाला, आई, दिवाळीला येईन तोवर सुरू झाली तर ठीक, नाहीतर भंगारात देऊन टाकू, उगाच अंगण अडवते. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. असा सगळा प्रसंग, आणि मी जेट घासत बसलेली.

भाईंनी सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला. मुलीचं स्थळ सांगावं तसे सांगत होते: अंगानं बारीक, रंगानं पिवळी, घराणं जुनं. तिकडून नंबर विचारला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी छताकडे. शेवटी ठरलं ते असं, की अंदाजानं एकेक नंबर मागवायचा, बसवून बघायचा, जमला नाही तर पुढचा. चार-पाच एकदम का मागवत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, गाडीचा पार्ट काय बांगड्या आहेत, चार मनगटावर चढवून बघायला? सुरतेचं पार्सल गुरुवारी यायचं. म्हणून मी गुरुवारी जायची.

पहिला जेट बसवला, गाडीनं काळा धूर सोडला. मी जाऊन सांगितलं, धूर येतो. भाईंनी विचारलं, प्लग कसा होता? मी म्हटलं, प्लगचं मला काय माहीत. तर मला परत पाठवलं. प्लग काढून बघा, मग बोला. पुढच्या गुरुवारी मी सांगितलं, तव्याच्या बुडासारखा काळा. ते खूश झाले. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, बदामी आला की जमलं. त्यापुढचा जेट पांढऱ्या प्लगाचा निघाला, गाडी नुसती खोकली. मी मास्तरीणबाई, नऊवारीच्या पदराला काजळी पुसत प्लगाचं वर्णन करायची, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मी आले की स्टुलावर स्वतःचा रुमाल फिरवायचे. चहा मागवायचे. यांचं नाव आम्ही दोघांनीही कधी काढलं नाही, त्यांच्या बायकोचंही नाही. बोलणं सगळं जेटचं. तरी घरी येताना मला वाटायचं, आज पोटभर बोलणं झालं. बुधवारी मी इस्त्रीची साडी काढून ठेवायची. या वयात पार्टाच्या दुकानात जायला इस्त्री, हे लिहिताना आता माझं मलाच हसू येतंय.

पाचव्या गुरुवारचा जेट बरोबर निघाला. एका किकेत गाडी सुरू झाली, प्लग बदामी आला, गॅरेजवाल्यानं पेढे मागितले. दिवाळीला मुलगा आला, त्यानं एक चक्कर मारली, म्हणाला, राहू दे मग, आणि भाऊबीज आटोपून सुरतेच्या गाडीत बसला. गाडी वाचली. गुरुवार मात्र गेला, हे मला बुधवारी साडी काढताना कळलं.

तरी मी गेले. काय सांगायचं ते रस्ताभर जुळवत होते आणि दुकानात शिरल्यावर एवढंच म्हणाले, की प्लग बदामी आहे. भाईंनी मान हलवली. बसा म्हणाले. मी बसले. त्यांनी एक बेअरिंग उचललं, कानाशी नेलं, पण फिरवलं नाही, तसंच खाली ठेवलं. चहा आला, प्यालो. गाडी सुरू असलेल्या माणसानं पार्टवाल्याकडे काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी उठले, चप्पल पायात घातली, एक पायरी उतरले. तेव्हा मागून, काउंटरवरची धूळ पुसता पुसता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले,

"भाभी, पुढला गुरवारले गाडीम्हाईन काहीतरी काढी आना. चांगलं शे तरी चाली."