कोंडिबाचं आंबोण

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर घोटावड्याच्या कोंडिबाकडे एकच काम उरलं होतं, गाईंचं आंबोण भिजवायचं. डावा हात लुळा पडला होता, नजर अधू झाली होती, वासही धड येत नव्हता. पण सकाळ-संध्याकाळ गोठ्यात बसून मक्याचा भरडा आणि शेंगपेंड एका हाताने कालवताना तो पूर्वीचा कोंडिबा असायचा. "दूध तुजी आज्जी काढती," तो नातीला, पिंकीला सांगायचा, "पर येतं माज्या हातनं."

गेल्या पावसाळ्यात गावच्या दूध संकलन केंद्रात नवं यंत्र बसलं. प्रत्येक घरच्या दुधाची तपासणी व्हायची आणि निकाल टॅबवर उमटायचा. एका संध्याकाळी कोंडिबाच्या बायकोचं, रंभाबाईचं दूध तपासलं आणि पडदा लाल झाला.

"काकू, दूध घेता येणार न्हाई," केंद्र सांभाळणारी शुभांगी हळूच म्हणाली. "बुरशीचं विष दाखवतंय. खाद्यातनं दुधात उतरतं ते. घरची पेंड बघा."

"मशिन चुकलं असंल."

शुभांगीने तिच्यासमोर पुन्हा तपासलं. पुन्हा लाल.

घरी येऊन रंभाबाईने पेंडीचं पोतं उपडं केलं. पत्र्यातून गळलेल्या पाण्याने तळ हिरवाकाळा झाला होता. कोंडिबाला ते ना दिसलं होतं, ना वास आला होता. तिने पोतं गुपचूप पुरून टाकलं. त्याला म्हणाली, "डेअरीनं आता तयार खाद्याची सक्ती केलीया. भिजवायला नगं."

सकाळी तो सवयीने गोठ्यात जाऊन बसला, रिकामं घमेलं पुढ्यात घेऊन.

काही दिवसांनी शुभांगीचा फोन आला. रंभाबाई स्पीकर लावूनच बोलायची. "काकू, आता दूध चांगलं येतंय. बुरशीची पेंड बंद केली ते बरं झालं."

कोंडिबा ओट्यावरच होता.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगू?"

तो उजव्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पोरीनं बी तेच दूध पिलं असंल."

रंभाबाईने पिंकीला पिरंगुटच्या डॉक्टरांना दाखवलं. काळजीचं कारण नाही, ते म्हणाले. तिने कोंडिबाला ते परत परत सांगितलं. त्याने मान हलवली. पण रोज पिंकीला दूध-भाकरी कुस्करून द्यायचा, ते बंद झालं. ती ताटली घेऊन आली की म्हणायचा, "आज्जीकडं जा."

एकदा रंभाबाईने नवं खाद्य घमेल्यात ओतून त्याच्यापुढे ठेवलं. "म्या बघितलंय समदं. कालवा तुमी."

त्याने हात घातला आणि काढून घेतला. "नगं. मला कळत न्हाई आता."

चैत्रात तो झोपेतच गेला. माणसं जमली, त्याच्या बैलांच्या, भातखाचरांच्या गोष्टी निघाल्या. पेंडीचं कुणाला ठाऊक नव्हतं, रंभाबाईनेही काढलं नाही. तेराव्यानंतर ती किटली घेऊन केंद्रावर गेली. दूध पास झालं. शुभांगीने खुर्ची पुढे केली. रंभाबाई बसली आणि पदर तोंडाशी धरून रडत राहिली.