जाणारीचं गाणं

फाल्गुनातली कळमनुरी आठवली की आधी हळद शिजण्याचा वास येतो. ओला, मातकट, किंचित कडू. त्या वासात, स्टँडमागच्या इंटरनेट कॅफेत, शाळा सुटल्यावर मी आणि माझे सहशिक्षक, जवळच्याच बंजारा तांड्यावरचे राठोड सर मराठी ज्ञानकोश लिहीत असू. कुणीही लिहावा, कुणीही वाचावा असा आंतरजालावरचा तो ज्ञानकोश दोन हजारनंतरच्या त्या दशकात नुकता बाळसं धरत होता. मोबदला नाही, वर घरच्यांची बोलणी. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तर आम्हीच!

ठिणगी पडली ती हवाई बेटांमुळे. तिथल्या राजवंशांचा, नृत्यांचा, स्तवनांचा इतिहास हौशी माणसं अशाच इंग्रजी ज्ञानकोशात पानामागून पान लिहून काढत होती. ते पाहून सर उसळून म्हणाले, "एवढ्या समुद्रात बसून ते लिहून राहिले, मंग आपल्या तांड्याचं काहून न्हाई?" आणि त्यांनी ढावलोवर लेख लिहिला. ढावलो म्हणजे बंजारा नवरीनं सासरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून, रडत रडत म्हणायचं गाणं. विरहाला इतका सुरेल आकार देणारी दुसरी रीत मी तरी पाहिली नाही.

थोड्याच दिवसांत लेखावर सूचना झळकली: छापील आधार द्या, निदान ध्वनिमुद्रण तरी, नाहीतर लेख वगळू. जी बोली आजवर ओठांवरच जगली, तिनं छापील आधार कुठून आणावा? नियम चुकीचा होता असंही म्हणवत नाही, आणि तेच अधिक जिव्हारी लागतं.

सबंध ढावलो येणारी तांड्यात एकच उरली होती, सरांची आई. आम्ही टेप घेऊन गेलो. तिनं टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, ढावलो जाणारीनं म्हणायचा असतो. मी म्हातारी कुठं जाऊन राहिले? उगंच म्हणलं तर घराला बरं न्हाई. नातीचं लग्न येऊ द्या. तिला शिकवते, तिच्या तोंडून घ्या." आम्ही लग्नापर्यंत मुदत मागून घेतली.

नात, म्हणजे सरांची मुलगी, नांदेडला शिकत होती. आजी शिकवायला बसली की ती लाजून उठून जाई. लग्नात बँड कडाडला, आणि पोरगी जीपमधून हसत, हात हलवत निघून गेली. आनंदानं सासरी जाणाऱ्या लेकीवर रागवावं तरी कसं? म्हातारी मात्र तशीच उभी राहिली, गळ्यात पडायला कुणी येईल म्हणून हात थोडे पुढे करून. मला तिच्याकडे पाहवलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात म्हातारी गेली. बायका खूप रडल्या, पण ते नुसतंच रडणं होतं. त्यात गाण्याची एकही ओळ नव्हती.

दिवस झाल्यावर सर कॅफेत आले. लेखाचं नाव टाकलं. पडद्यावर उमटलं: या नावाचा लेख नाही. आपण तो लिहू शकता.

सरांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग हलकेच म्हणाले, "काय लिहू, बाई? मला तर पहिली ओळबी येत न्हाई."