कुणाची बोंब आली नाही

ऑफिसात त्यांना सगळे ठिगळकाकू म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांनीही ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण ठिगळं त्यांचीच होती.

दवाखान्यांतली तपासणीची यंत्रं आणि कंपनीचा सर्व्हर यांचं बोलणं मधे कुणी चोरून ऐकू नये म्हणून कुलूपबंद चालायचं. ती जोडणी काकूंनी लिहिलेली. यंत्रं जुनी आणि हट्टी. एकाला नवं कुलूप कळायचं नाही, दुसरं जोडणी सुरू करतानाचा सर्व्हरचा लांबलचक नमस्कार ऐकला की मान टाकायचं. मग काकू पहिल्यापुरतं जुनं हलकं कुलूप चालवून घ्यायच्या, दुसऱ्यासाठी नमस्काराचे दोन तुकडे करायच्या, असं एकेक ठिगळ लावायच्या. "तात्पुरतं आहे, नंतर नीट करू," असं तेव्हाचे साहेब म्हणायचे. ते नंतर काही उजाडलं नाही. काकूंचे केस मात्र पिकले.

यंदा नवे साहेब आले आणि त्यांना एकदम जाग आली. जुनं यंत्र असल्याची बतावणी करून कुणीही चोर हलकं कुलूप मागून घेईल, असं त्यांनी मीटिंगमध्ये काकूंनाच समजावलं. काकू हेच सांगून सांगून थकल्या होत्या. आता साहेब सांगत होते, म्हणून सगळ्यांना पटलं.

ठिगळं काढायचं काम अर्थात काकूंच्याच गळ्यात पडलं. ती संपली की आपलं इथे काय काम उरणार, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

"एखादं ठेव की मागे," नवरा म्हणाला. "तेवढीच तुझी गरज राहील."

"आणि चोर शिरला तर? लोकांचे रिपोर्ट असतात त्यात."

"तुला काय पडलंय? त्यांना पडलंय का तुझं?"

तरी त्यांनी एकही ठेवलं नाही.

त्यांची पद्धत ठरलेली. ठिगळ लगेच पुसायचं नाही. आधी नुसतं बंद करायचं आणि कुणी बोंब मारतं का बघायचं. फोन आला तर परत चालू, नाही आला तर खुशाल पुसा. ऑफिसला ही शिस्त त्यांनीच लावली होती. शिवाय बंद करण्याआधी त्या एकेका दवाखान्याला फोन करून, गोड बोलून, कधी हातापाया पडून यंत्र बदलायला लावायच्या. त्यामुळे बोंब आलीच नाही. शेवटचं ठिगळ गेलं तेव्हा ऑफिसात कुणाला पत्ताही नव्हता. काम चोख झालं की हे असंच, मेलं कुणाला ऐकूच येत नाही.

साहेब मात्र खूश. "काकू, दमलात तुम्ही. रजा केवढी साठलीय, घ्या ना. काही अडलं तर आम्ही फोन करूच."

घरी काकूंनी फोन उशाशी ठेवला, ओट्यावर ठेवला, अंघोळीला जाताना नवऱ्याच्या हातात दिला. आला तो नणंदेचा, आणि एक कुणाचा तरी चुकून लागलेला. "चार्जिंग आहे ना त्याला?" त्या विचारायच्या. नवरा नुसता हो म्हणायचा. तो टोमणा मारत नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं.

रजा संपवून त्या परतल्या तर साहेब दारातच हसले. "बघा, इतके दिवस तुम्ही नव्हतात, पण काही म्हणजे काही अडलं नाही! कुणाचा एक फोन नाही."

काकूंनी पर्स टेबलावर ठेवली. आधी बंद करून बोंब येते का बघायची आपली शिस्त साहेब इतकी नीट शिकले असतील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"छान," त्या म्हणाल्या. "मग पुसताय कधी?"

साहेबांनी खुर्ची पुढे केली.

"बसा ना, काकू."